वाचकांचे प्रश्न: बिटकॉइनची वही कुणाकडे असते?

या वेळी निम्म्याहून अधिक पत्रं क्रिप्टोबद्दल, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांबद्दल आली. ठाण्यातल्या एका बँक शाखेत 34 वर्षं काउंटरमागे काढल्यामुळे असेल, लोक मला हे विचारतात. त्यातले चार प्रश्न घेते.

बिटकॉइन घेतल्यावर हातात नेमकं काय येतं? आणि लाखो रुपयांचं एक नाणं पेन्शनरने कसं घ्यायचं?
(निवृत्त शिक्षक, नेरुळ)

सर, हातात काहीच येत नाही. वहीत नोंद पडते, एवढंच. आमच्या शाखेत संध्याकाळी दिवसाची कॅश जुळल्याशिवाय कुणी घरी जात नसे, कारण वही बँकेची आणि जबाबदारीही बँकेचीच. बिटकॉइनची वही जगभरातल्या हजारो संगणकांवर एकसारखी असते आणि साधारण दर 10 मिनिटांनी तिला नवं पान जोडलं जातं. जानेवारी 2009 पासून हे चालू आहे. एकूण नाणी 2.1 कोटींच्या वर जाणार नाहीत, असा नियम त्या प्रणालीतच घातलेला आहे.

अख्खं नाणं घ्यावं लागत नाही. एका बिटकॉइनचे 10 कोटी भाग पडतात, त्यामुळे 500 रुपयांतही सुरुवात होते. पण नोव्हेंबर 2021 मध्ये साधारण 69 हजार डॉलरला गेलेला भाव वर्षभरात 16 हजारांच्याही खाली आला होता. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, इथे तसलं काही नाही. पेन्शनच्या पैशाला हात लावू नका, असं मी तुम्हाला स्पष्ट सांगते.

मुलाने मोबाइलमध्ये वॉलेट काढून दिलं आणि 12 इंग्रजी शब्द जपून ठेवायला सांगितले. मी ते स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या मागे लिहिलेत. चालेल ना?
(गृहिणी, ऐरोली)

नाही हो ताई, आजच तिथून काढा. दुधाचा हिशेब लिहायला कालनिर्णयसारखी जागा नाही, माझ्याही घरी तोच आहे. पण जानेवारीत नवा येतो आणि जुना रद्दीत जातो. शिवाय तो भिंतीवरच असतो. गॅसवाला येतो, कामाच्या बाई येतात, पाहुणे येतात.

हे 12 शब्द म्हणजे तिजोरीची किल्लीच. ज्याच्याकडे ते आहेत, तो जगातल्या कुठल्याही फोनवर तुमचं वॉलेट उघडू शकतो. हरवले आणि फोनही बिघडला, तर पैसे वहीत दिसत राहतात, पण कुणालाच हलवता येत नाहीत. पासबुक हरवलं तर तुम्ही शाखेत येऊन अर्ज करत होतात आणि मी दुसरं देत होते. इथे अर्ज घ्यायला कुणी बसलेलंच नाही. नव्या माणसाला हा फरक कळायला सर्वांत जड जातो.

म्हणून शब्द क्रमाने, शाईने, दोन कागदांवर लिहा. एक एफडीच्या पावत्यांच्या पाकिटात, दुसरा बँकेच्या लॉकरमध्ये. फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर स्वतःलासुद्धा पाठवू नका. कागद कुठे आहेत ते मुलाला माहीत असू द्या. आणि ‘कंपनीतून बोलतोय’ म्हणत कुणी शब्द विचारले, तर तो चोर आहे असं समजून फोन ठेवा.

हे कायदेशीर आहे का? एका नाण्यात 40 हजार नफा झाला, दुसऱ्यात 30 हजार तोटा. कर 10 हजारांवर ना?
(नोकरदार तरुण, वर्तकनगर)

खरेदी-विक्रीवर बंदी नाही, पण हे कायदेशीर चलनही नाही. बँकांना अशा व्यवहारांपासून दूर ठेवणारं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये रद्द केलं.

कर मात्र पूर्ण 40 हजारांवर. 30 टक्के म्हणजे 12,000 आणि त्यावर 4 टक्के सेस, एकूण 12,480 रुपये. एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. हा नियम मला कडक वाटतो, पण 2022 पासून लागू आहे. विकताना 1 टक्का टीडीएस कापला जातो, तो रिटर्न भरताना जमेस धरा.

टेलिग्राम ग्रुपवरून एक ॲप घेतलं. पहिले 2,000 काढता आले, मग 1 लाख 80 हजार भरले. आता ॲपमध्ये 6 लाख दिसतात, पण ते काढण्याआधी 18 टक्के ‘टॅक्स’ भरा म्हणतात. भरू का?
(वाचक, कोपरी)

एक रुपयाही भरू नका. आयकर कधीही असा ग्रुपवर पाठवलेल्या खात्यात भरायचा नसतो. ते 6 लाख म्हणजे पडद्यावर लिहिलेला आकडा आहे, आणि पहिले 2,000 तुमचा विश्वास बसावा म्हणून परत दिले होते.

माझ्या शेजारणीचं असंच झालं. डायनिंग टेबलावर आम्ही दोघी बसलो, तिचा हात थरथरत होता म्हणून 1930, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन नंबर, मी लावला. नवऱ्याला काय सांगू, एवढंच ती विचारत होती. तुम्हीही लाजू नका. हे वाचताक्षणी 1930 ला फोन करा. रक्कम पुढे सरकली नसेल तर समोरच्या खात्यात रोखता येते, म्हणून तासातासाचा फरक पडतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रारही नोंदवा. ग्रुप सोडण्याआधी गप्पांचे, खाते क्रमांकांचे स्क्रीनशॉट घ्या आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे बँक त्या व्यवहाराला देते तो नंबर, कागदावर उतरवून ठेवा. पैसे सोडवून देतो म्हणत आता दुसरा कुणी फी मागेल, त्यालाही काही देऊ नका.