'ॲम्प्लेक्सिकॉलिस'चा उच्चार

प्रश्न : वनस्पतींच्या शास्त्रीय नावांत येणारे 'ॲम्प्लेक्सिकॉलिस' हे विशेषण कसे तोडावे आणि जोर कोणत्या अक्षरावर द्यावा? काही जण 'कौलिस' असेही म्हणतात.

उत्तर : हे लॅटिन विशेषण 'कवेत घेणे' आणि 'खोड' या अर्थांच्या शब्दांपासून झाले असून, देठ नसलेले आणि तळाच्या पाळ्यांनी खोडाला वेढणारे पान ते सांगते. रुईची डहाळी हातात घेतली, तर समोरासमोरची बिनदेठाची पाने खोडाला अशीच बिलगलेली दिसतात.

उच्चारात त्याची फोड ॲम्-प्लेक्-सि-कॉ-लिस अशी पाच अवयवांत (उच्चारातल्या तुकड्यांत) होते. रोमन लिपीतले 'एक्स' हे अक्षर एकच असले, तरी त्यात क् आणि स् असे दोन ध्वनी असल्याने पहिला मागच्या अवयवाकडे व दुसरा पुढच्याकडे जातो. उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, अवयव दीर्घ असेल तर जोर त्यावर, नाहीतर त्याच्या आधीच्यावर, हा लॅटिनचा नियम. येथे उपान्त्य स्थानी लॅटिनचा 'au' हा संयुक्त (म्हणून दीर्घ) स्वर असल्यामुळे जोर 'कॉ'वर येतो. आंब्याच्या 'इंडिका'त मात्र 'डि' ऱ्हस्व असल्याने तो 'इं'वर जातो.

'कौ' हा प्राचीन लॅटिनला जवळचा उच्चार आहे आणि 'कॉ' इंग्रजी वळणाचा. दोन्ही चालतात, पण एकाच व्याख्यानात दोन्ही नकोत. हिमालयातल्या 'बिस्टोर्टा ॲम्प्लेक्सिकॉलिस'चे जुने नाव 'पॉलिगोनम ॲम्प्लेक्सिकॉले' असे नपुंसकलिंगी होते. त्यातला अखेरचा 'ले' गिळू नये.