दहशतवादाला पैसा पुरवण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारात 'मला माहीत नव्हतं' ही सबब चालते का? भारताला तो करार लागू आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते सोपं आहे. हो, लागू आहे. करार ९ डिसेंबर १९९९ चा, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेतला. भारताने २००० मध्ये सही केली आणि एप्रिल २००३ मध्ये तो मंजूर केला. गंमत अशी की ११ सप्टेंबर २००१ च्या दिवशी जगातल्या जेमतेम चार देशांनी तो मंजूर केलेला होता. मग सुरक्षा परिषदेने २८ सप्टेंबरला १३७३ क्रमांकाचा ठराव करून दट्ट्या लावला आणि सगळे धावत सुटले. १० एप्रिल २००२ ला करार अमलातही आला. आग लागल्यावर विहीर खणायची सवय फक्त आपल्यालाच आहे असं नाही.

आता पहिला प्रश्न. त्यावरून माझं माझ्या चुलत भावाशी तीसेक वर्षं भांडण चालू आहे, म्हणून लिहायला बसलो.

मी श्रीवर्धन तालुक्यातला. बँकेत होतो, आता निवृत्त. दादाचं नाक्यावर किराण्याचं दुकान, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत हुंडी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एका ओळीत: मुलगा दुबईत दिरहॅम एका माणसाच्या हातात देतो, इकडे दादा त्याच्या आईच्या हातात रुपये ठेवतो, मधे बँक नाही. ओळख पटवायला दहा रुपयांच्या नोटेचा नंबर. तिकडून फोनवर नंबर यायचा, पैसे न्यायला येणारा तीच नोट पुढे करायचा, दादा चष्मा कपाळावर सरकवून नंबर ताडून बघायचा आणि गल्ल्याखालून पाकीट काढून द्यायचा. त्याची केवायसी एवढीच. पाकिटं मुंबईहून यायची. मुंबईतला तो माणूस कोण, एवढी रोकड आणतो कुठून, मी शंभरदा विचारलं. उत्तर ठरलेलं: "मी विचारत नाही, म्हणून मला माहीत नाही. आपल्याला काय करायचंय?"

हे 'आपल्याला काय करायचंय' आमच्या किनाऱ्याला महागात पडलेलं आहे. १९९३ च्या सुरुवातीला दिघीला आणि शेखाडीला माल उतरला तेव्हा इथे हेच बोलत असत. रात्री गाड्या गेल्या? चांदी असेल. चांदी-सोनं या किनाऱ्यावर उतरायचंच, त्यात कुणाला नवल नव्हतं. दिघीहून निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या आणि लाच ठरवून सोडल्या, हे पुढे खटल्यात आलं. शेखाडीला उतरलेल्यात आरडीएक्स होतं. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. मी तेव्हा फोर्टातल्या शाखेत होतो. शेअर बाजाराचा स्फोट झाला तेव्हा आमच्या काउंटरची काच माझ्या डब्यात पडली. दादाला त्या रात्री ट्रंक कॉल लावला, तर म्हणतो, "माझी पाकिटं वेगळी." असतीलही. त्याला तरी कुठे माहीत होतं?

तर कायदा काय म्हणतो? कराराच्या दुसऱ्या कलमात गुन्ह्याची व्याख्या आहे: जो कोणी बेकायदेशीरपणे आणि बुद्ध्या पैसा पुरवतो किंवा गोळा करतो, तो दहशतवादी कृत्यासाठी वापरला जावा या इराद्याने, किंवा वापरला जाणार आहे हे माहीत असताना. म्हणजे इरादा नाही आणि माहितीही नाही, तर कराराप्रमाणे गुन्हा नाही. दादा इथपर्यंत ऐकतो आणि टाळी मागतो. पण पुढचं वाचा. पैसा प्रत्यक्षात वापरला गेला नाही तरी गुन्हा होतो. पूर्ण नाही, थोडाच भाग जाणार होता, तरी होतो. प्रयत्न आणि साथ यांनाही माफी नाही. आणि 'माहीत होतं की नाही' हे आरोपीच्या तोंडच्या शब्दावर ठरत नाही, भोवतालच्या परिस्थितीवरून ठरतं. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये युक्रेन विरुद्ध रशिया या खटल्यात या कराराचा अर्थ लावला तेव्हा हाच रोख होता. (त्याच निकालात असंही आलं की 'फंड' म्हणजे पैशाच्या मोलाने दिलेली साधनं, शस्त्रं त्यात बसत नाहीत. म्हणजे शेखाडीचं आरडीएक्स 'फंड' ठरलं नसतं, होडीवाल्याला आणि ट्रकवाल्याला दिलेली रक्कम मात्र ठरली असती. करार नंतरचा, त्यामुळे ही नुसती कल्पना.)

आपला देशी कायदा तर याहून कडक. यूएपीए म्हणजे बेकायदेशीर कृत्यांना आळा घालणारा कायदा, त्याचं कलम १७ म्हणतं, पैसा असा वापरला जाण्याची शक्यता आहे हे माहीत असणं पुरे. करारात 'वापरला जाणार आहे', आपल्याकडे 'शक्यता आहे'. पैसा सचोटीच्या मार्गाने आलेला असला तरी सुटका नाही. शिक्षा किमान पाच वर्षं, कमाल जन्मठेप. ही 'शक्यता' मी दादाला लाल पेनाने अधोरेखित करून दाखवली आहे.

इथे थांबलो असतो तर मी जिंकलो होतो. पण २०११ च्या जूनचं सांगायलाच हवं, कारण दादा तेच काढतो.

मी तेव्हा गावच्याच शाखेत आलेलो. एक चाची होती, मुलगा कुवेतला. तो हुंडीने नाही, बँकेनेच पैसे पाठवायचा, आणि मला त्याचा अभिमान होता, कारण खातं मीच उघडून दिलेलं. त्या जूनमध्ये त्याने ४५ हजार पाठवले, घरावरचे वासे बदलून कौलं नव्याने घालायला. पैसे आले आणि अडकले. मुलाच्या तीन नावांपैकी दोन नावं संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध यादीतल्या कुणाशी तरी जुळली. संगणकाने लाल रेघ मारली, हेड ऑफिसने होल्ड लावला. त्या दोन नावांची माणसं आमच्या एका तालुक्यात शंभर निघतील, पण संगणकाला कोण सांगणार?

चाची दर तिसऱ्या दिवशी यायची. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पदराखाली, छत्रीचं पाणी दाराबाहेर झटकून आत. चेकच्या पेटीशेजारच्या बाकावर बसायची आणि माझी मान वर झाली की विचारायची, "भाव, पैशे आयले काय?" मी सांगायचो, वरून थांबलंय. का थांबलंय हे सांगायची मला मुभा नव्हती, चौकशी चालू आहे हे गिऱ्हाइकाला कळता कामा नये असा दंडक. ती म्हणायची, बरं, तुझाव काय दोष. तिच्या त्या 'बरं'ने मी जेवढा ओशाळलो तेवढा ऑडिटला कधी ओशाळलो नाही.

सव्वीस दिवस. पासपोर्टची प्रत मागवली, जन्मतारीख वेगळी निघाली, एका ओळीचा मेल आला: जुळत नाही, रक्कम सोडा. तोवर जुलै उजाडलेला. भर पावसात कौलं कोण उतरवणार? मधल्या काळात तिच्या घरावर ताडपत्री चढलेली, आणि त्या ताडपत्रीचे पाच हजार दिले होते दादाने. गल्ल्याखालून काढून. नोटेचा नंबर न विचारता.

पुढच्या महिन्यापासून तिच्या मुलाचे पैसे दादाकडे यायला लागले. कराराचं अठरावं कलम सांगतं की बँकांनी गिऱ्हाइकाची ओळख पटवा, संशयास्पद व्यवहार कळवा, नोंदी पाच वर्षं जपा. हेतू हाच की पैसा उजेडात यावा. आमच्या शाखेने पाळलं आणि उजेडातली एक बाई अंधारात पाठवली. करार चांगला आहे, असं माझं आजही मत आहे. राबवणारे बावळट आहेत, त्यात मीही आलो.

आता तुमच्यासाठी. तुम्ही का विचारताय ते लिहिलेलं नाही, पण कुणासाठी 'नुसतं पोचवायचं' काम करत असाल तर आजच बंद करा. पैसा कुणाचा हे नाव-गाव घेऊन सांगता येत नसेल तर त्याला हात लावू नका. दादालाही मी हेच सांगतो. आणि हो, मी वकील नाही, नोटीस आली असेल तर इथली उत्तरं वाचत बसू नका, वकील गाठा. हुंडी म्हणजे दहशतवाद असंही माझं म्हणणं नाही. बहुतेक पैसा घराचा, लग्नाचा आणि शाळेच्या फीचा असतो, आणि तो फेमाचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा, भंग आहे, बॉम्ब नव्हे. आणि ही कुठल्या एका समाजाची गोष्ट समजू नका, दादा आणि मी एकाच गणपतीसमोर आरती म्हणतो.

गेल्या गणपतीत कलम १७ चा कागद पुन्हा त्याच्यापुढे ठेवला. मोदक संपेपर्यंत त्याने तो वाचला. मग बोट पुसत म्हणाला, "यात ताडपत्री कुठे बसते ते दाखव."