रूट कॅनलमध्ये ब्लीचऐवजी कडुनिंब किंवा त्रिफळा का वापरत नाहीत?

रूट कॅनल चालू असताना तोंडात पोहण्याच्या तलावासारखी चव आली, दातात ब्लीच घालण्यापेक्षा कडुनिंब किंवा त्रिफळा का वापरत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. मी दंतवैद्य आहे. कॉलेजात मलाही हाच प्रश्न पडायचा.

ती चव सोडियम हायपोक्लोराइटची, म्हणजे ब्लीचमधल्याच रसायनाची. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा धुवायला रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन यांनी त्याचं ०.५ टक्क्याचं द्रावण वापरात आणलं. आम्ही दाताच्या मुळातली नळी धुवायला ०.५ ते ५.२५ टक्क्यांपर्यंतचं वापरतो.

कॉलेजात जंतू वाढवलेल्या बशीत आम्ही कडुनिंबाचा अर्क टाकला, तेव्हा भोवती स्वच्छ कडं उमटलं होतं. फार आनंद झाला होता! पण दात म्हणजे बशी नव्हे. मुळाची नळी वाकडी असते, तिला बारीक फाटे असतात आणि त्यांत मेलेली नस चिकटून बसलेली असते. भिंतीतल्या एक-दोन मायक्रॉनच्या छिद्रांत एन्टरोकॉकस फीकॅलिससारखा चिवट जंतू दडतो. तिथे जंतू मारून भागत नाही, त्यांचं खाद्य असलेली ती कुजकी नसही विरघळवावी लागते. हायपोक्लोराइट दोन्ही कामं करतं. त्रिफळा, ग्रीन टी, नोनीचं फळ, प्रोपोलिस (मधमाश्या पोळ्यात वापरतात तो डिंक) यांनी काढलेल्या दातांवरच्या प्रयोगांत या जंतूवर चांगला परिणाम दाखवलाय, आणि मला त्याचं खरंच कौतुक आहे. पण नस विरघळवणं त्यांना हायपोक्लोराइटसारखं जमत नाही. शिवाय पानं कुठली, अर्क कसा काढला, यावर ताकद बदलते. त्यामुळे एवढ्यावर विसंबून मी कुणाच्या दातात ते भरणार नाही.

लवंग मात्र आमच्याकडे कधीचीच आहे. तिच्यातलं युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून नळी भरण्याच्या सिमेंटात वापरतात. पण म्हणून घरी किडक्या दातात लवंग तेलाचा बोळा कोंबू नका. त्याने हिरडी पांढरी पडून भाजलेले पेशंट मी पाहिलेत.

हायपोक्लोराइटची तुमची भीती अगदीच चुकीची नाही. ते मुळाच्या टोकाबाहेर गेलं तर भयंकर कळ येते, गाल सुजतो. म्हणून बाजूला छिद्र असलेली सुई वापरून, ती नळीत अडकू न देता, हळूहळू धुवायचं असतं. आणि चव आली म्हणजे थोडं द्रावण जिभेपर्यंत पोचलं. पुढच्या सिटिंगला डॉक्टरांना रबर डॅम लावायला सांगा. दाताभोवती ताणून बसवायचा तो रबराचा पातळ पडदा असतो. औषध तोंडात उतरत नाही आणि तुमची थुंकी दातात शिरत नाही.