आधी हातातली पिशवी, मग सुटकेस

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांतली निम्मी क्रूझबद्दलची आहेत. पोरं पुण्याला, बेंगळुरूला, नाहीतर त्याच्याही पलीकडे. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली की तिकीट पोरं काढतात, आणि बॅगेत काय भरायचं ते आईबाबा मला विचारतात. जहाजावरच्या दवाखान्यात मी सतरा वर्षं नर्स होते. त्यामुळे कपड्यांबद्दल विचारलं तरी मी औषधांवर घसरते, ही तक्रार आधीच मान्य करते. प्रश्न तेच तेच आहेत, म्हणून सगळ्यांना इथेच उत्तर देते.

आम्ही दोघं बार्सिलोनाहून बारा रात्रींच्या क्रूझवर चाललोय. रोज एक धरली तरी बारा साड्या होतात, शिवाय नटूनथटून जेवायला जायच्या दोन फॉर्मल नाइट आहेत म्हणे. दोन मोठ्या सुटकेस पुरतील काय? — टिळकवाडी

पुरतील की, पण ठेवणार कुठे? साधी केबिन म्हणजे पलंग, एक अरुंद कपाट आणि दोघांनी एकमेकांना वाट देत फिरायची जागा. एक रिकामी सुटकेस पलंगाखाली सरकते. दुसरी दाराशी उभी राहते आणि बारा दिवस तिला ठेच लागते. त्यात सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, सुटणाऱ्या देशातल्या विमानात साधारण माणशी १५ किलो सामान चालतं. पुढच्या परदेशी तिकिटावरचे २३ किलो वाचून बॅग भरली आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी असली, तर जादा पैसे सांबऱ्यालाच मोजावे लागतात.

बारा दिवस रोज तुम्हाला पाहणारी माणसं तीनच: टेबलावरचा वेटर, केबिन आवरणारा आणि घरचे यजमान. तिघांपैकी कुणीही साड्या मोजत नाही. काठपदराची एक, हलक्या दोन, बाकी धुऊन रात्रीत वाळतील असे पंजाबी ड्रेस. यजमानांना नेहरू शर्ट आणि जाकीट फॉर्मल नाइटला चालतं, त्यासाठी सूट शिवायला टाकू नका. स्वेटर मात्र उन्हाळ्यातही घ्या. बाहेर ऊन असलं तरी आतला एसी हाडं गोठवतो. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, म्हणून लोहचुंबकाचे चार हुक नेले की टोप्या, पिशव्या, ओले रुमाल सगळं टांगता येतं.

अजून एक. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्या सकाळी बंदरावरच मिळतात. सगळे कपडे त्यात भरून सकाळी गाऊनवर उतरलेल्या बायका मी दर वर्षी पाहिल्यात. दुसऱ्या दिवशीचा एक जोड हातात ठेवा.

चहाशिवाय जमत नाही. छोटी विजेची किटली आणि इस्त्री नेऊ काय? — चिकोडी

नको. आगीच्या भीतीने दोन्ही काढून घेतात आणि उतरताना परत देतात. गरम पाणी तिथे मिळतं, चहापूड न्या.

आमच्या इथलीच कोल्हापुरी घालून डेकवर फिरलं तर चालेल ना? — अथणी

अथणीकरांना हे सांगणं जिवावर येतंय, पण ओल्या डेकवर चामड्याचा तळ घसरतो. जेवणाच्या हॉलमध्ये खुशाल मिरवा. डेकवर रबरी तळाचे, मागे पट्टा असलेले सँडल घाला. जहाजावर हाडं मोडतात ती वादळात कमी, ओल्या फरशीवर जास्त.

लेकीकडे रोममध्ये चार दिवस राहून मग क्रूझ आहे. कुंदा, करदंट, घरचं लोणचं आणि आमटीचा मसाला न्यायचा आहे. — शहापूर

कुंदा नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, आणि कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच. "आमच्या भावजय घेऊन गेल्या, कुणी विचारलं नाही" हे मला सांगू नका. विचारलं असतं तर डबा त्यांच्यासमोर कचऱ्यात गेला असता, वर दंड होऊ शकला असता तो वेगळाच. करदंट डिंक, सुकामेवा आणि गुळाचा असला तरी त्यात तूप असतं. तेव्हा घटक छापलेलं बंद पाकीटच घ्या आणि विचारलं तर लपवू नका. लोणच्याची बरणी फुटली तर सहलभर साड्यांना मोहरीचा वास येईल, हे माझं मत. नियम म्हणाल तर बहुतेक जहाजांवर घरचं शिजवलेलं चढवू देत नाहीत, सीलबंद कोरडा खाऊ चालतो.

मसाल्याचं जपून. तुमचं विमान किंवा जहाज दुबई, अबुधाबीवरून जाणार असेल तर खसखस घरीच ठेवा, मसाल्यात दळलेलीसुद्धा. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. आपल्याकडे ती अनारशावर लावतात, तिथे ती अमली पदार्थांच्या यादीत आहे.

शाकाहारी असाल तर तिकीट काढतानाच लेखी कळवा, आणि अंडंही नको हे वेगळं सांगा. तिथल्या शाकाहारात अंडं बसतं.

आईला (वय ६९) मधुमेह आणि बीपी आहे, इन्सुलिन चालू आहे. चौदा रात्रींची नॉर्वेची क्रूझ आहे. शेजारचे म्हणतात, जहाजावर डॉक्टर असतो, सगळं मिळतं. उलट औषधं जास्त नेली तर कस्टमवाले अडवतात. विमा ट्रॅव्हल्सवाल्याने फुकट दिलाय. अजून काही करायला हवं काय? — खानापूर

शेजाऱ्यांना चहा द्या, त्यांचा सल्ला घेऊ नका.

जहाजावर डॉक्टर असतो, नर्स असतात, छाती दुखली तर पहिले काही तास सांभाळायची सोयही असते. पण ते औषधाचं दुकान नव्हे. आमच्या कपाटात तातडीची औषधं असायची, तुमच्या आईंची रोजची गोळी त्यात असेलच असं नाही. आणि तिथे काही फुकट नसतं. तपासणी, सलाईन, रक्ताची चाचणी सगळं केबिनच्या खात्यावर डॉलरमध्ये चढतं, आणि ते बिल पाहून बीपी वाढलेले लोकही मी पाहिलेत.

एकदा भूमध्य समुद्रात सत्तरीचे एक आजोबा दुसऱ्या रात्री माझ्याकडे आले. घसा कोरडा, सारखं पाणी, सारखी लघवी. साखर ४०० च्या वर. इन्सुलिन कुठे आहे विचारलं तर म्हणाले, "बॅगेत." बॅग कुठे? ती विमान बदलताना मागे राहिली होती आणि चार दिवस बंदरामागून बंदर करत आमच्या मागे येत होती. आली तेव्हा त्यातलं इन्सुलिन टाकून द्यावं लागलं, कारण विमानाच्या पोटात गोठलेलं इन्सुलिन नुसतं वितळलं म्हणून वापरता येत नाही. आमच्याकडे होतं ते वेगळ्या प्रकारचं. डॉक्टरांनी नवं गणित मांडलं, दर काही तासांनी बोट टोचलं. आजोबा वाचले, पण सहल केबिनच्या छताकडे बघण्यात गेली. त्यांच्या हातातल्या पिशवीत काय होतं म्हणता? दोन पुस्तकं आणि चिवडा.

म्हणून सुटकेसला हात लावण्याआधी हातातली पिशवी भरा. आईंची सगळी औषधं त्यातच. बंदरावर दिलेली मोठी बॅगसुद्धा केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते, दुपारचा डोस तिच्यात ठेवून चालत नाही. चौदा रात्री असतील तर किमान तीन आठवड्यांची औषधं घ्या. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा. वार लिहिलेल्या प्लास्टिकच्या डबीत सगळ्या एकत्र केल्या तर त्या कशाच्या हे ना कस्टमवाल्याला कळतं, ना जहाजावरच्या डॉक्टरला. कस्टमवाले अडवतात ते चिठ्ठी नसलेल्यांना. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या, तीत औषधाचं मूळ नाव हवं, ब्रँडचं नव्हे. ब्रँड देशागणिक बदलतात. कधी मूळ नावही बदलतं: आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन होतं. सुया आणि इन्सुलिन सोबत नेण्याची गरज आहे, हेही चिठ्ठीत असू द्या. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली दुखण्याची गोळी चालू असेल तर वाटेतल्या प्रत्येक देशाचा नियम पाहा. आखातात त्यावरून माणूस अडकतो.

केबिनमधला छोटा फ्रीज पुरेसा थंड असतोच असं नाही. जहाज कंपनीला आधी लिहून औषधासाठी फ्रीज आणि सुया टाकायचा डबा मागा. उन्हाळ्यात नॉर्वेचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. मग इन्सुलिन किती वाजता? ते मी इथून सांगणार नाही, पत्रातून सांगायची गोष्टही नव्हे. निघण्याच्या महिनाभर आधी आईंना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा, प्रवासाचं वेळापत्रक समोर ठेवा आणि डोस कागदावर लिहून घ्या. आदल्या आठवड्यात नाही. महिनाभर आधी.

आता तो फुकटचा विमा. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, म्हणून तेवढ्याचाच स्वस्तातला कागद तिकिटाला टाचून देतात. तो व्हिसापुरता असतो, आईंपुरता असेलच असं नाही. त्यात आधीपासूनचे आजार धरलेत का? मधुमेह अर्जात लिहिलाय की "प्रीमियम वाढेल, नका लिहू" असा सल्ला मिळालाय? लपवलेल्या आजाराचा दावा कंपनी नाकारते, आणि तेव्हा सल्ला देणारा फोन उचलत नाही. समुद्रातून रुग्णाला हलवायचा खर्च धरलाय का, तेही पाहा. हेलिकॉप्टर किनाऱ्यापासून ठरावीक अंतरापर्यंतच येतं, आणि तो खर्च आपल्या इथे घर बांधायच्या हिशेबाचा असतो. पॉलिसीची पूर्ण प्रत मागा, माहितीपत्रक नव्हे. इंग्रजी जड जात असेल तर जाणत्या माणसासमोर बसून वाचा. पटलं नाही तर दुसरी घ्या.

मला एसटीतही लागतं. निघताना ब्रँडी घेतली की जहाज लागत नाही असं ऐकलंय. — बैलहोंगल

ऐकलंय ते विसरा. ब्रँडीने उलटी लवकर होते. मोठ्या जहाजांना बाजूंनी पंखासारखे स्थिरक असतात, हेलकावे एसटीच्या मानाने पुष्कळ कमी. केबिन मधल्या भागात, खालच्या मजल्यावर मागा. पोट रिकामं ठेवू नका, आल्याची वडी जवळ असू द्या, नजर क्षितिजावर ठेवा. गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते, आणि काही गोळ्यांनी गुंगी येते, काचबिंदू किंवा प्रोस्टेट असलेल्यांना त्या बाधतात. कुठली घ्यायची ते डॉक्टरांना विचारा, औषधाच्या दुकानदाराला नाही.

माझ्या पासपोर्टवर जन्मठिकाण 'बेळगाम' आहे, बाकी कागदांवर 'बेळगावी'. एजंट म्हणतो, व्हिसा नाकारतील, बदलून देतो, पैसे भरा. शिवाय जहाज माँटेनेग्रोलाही जातंय. — हिंडलगा

पैसे भरू नका. सरकारने इंग्रजी स्पेलिंग १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. त्याआधीच्या कागदांवर जुनं असणारच, तो दोष नव्हे. नावावरून भांडायला आपण इथे पुरेसे आहोत, त्यासाठी एजंटला फी कशाला? खरं पाहायचं ते तुमचं स्वतःचं नाव. पासपोर्टच्या तळाशी ज्या दोन ओळी असतात, त्यांतलं स्पेलिंग तिकिटावर अक्षरशः तसंच हवं. आडनावाची जागा रिकामी असेल तर आधी पासपोर्ट केंद्रात विचारा. एकच नाव असलेल्या पासपोर्टला अमिरातीसारखे देश पर्यटन व्हिसावर प्रवेश देत नाहीत.

माँटेनेग्रो शेंगेनमध्ये नाही. तिथून परत इटली किंवा ग्रीसला येणार म्हणजे दुसऱ्यांदा प्रवेश. एकदाच प्रवेशाचा व्हिसा घेतला तर जहाजावर चढूच देणार नाहीत. प्रत्येक बंदरासाठी काय लागतं ते जहाज कंपनीकडून लेखी मागा. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तरी लोक शेवटच्या महिन्यात धावतात.

जहाज संध्याकाळी पाचला सुटतंय, विमान त्याच दिवशी सकाळी अकराला उतरतंय. जमेल ना? — अनगोळ

आदल्या दिवशी पोचा. चोर्ला घाटात झाड पडलं तरी गोव्याचं विमान चुकतं, तुम्ही तर दोन विमानं बदलणार. जहाजाचा दरवाजा सुटायच्या तासभर, कधी त्याहूनही आधी बंद होतो. धक्क्याची वेळ ठरलेली असते, कप्तान अनगोळकरांसाठी थांबत नाही. वाटेतल्या बंदरांवरही तेच. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुम्ही परस्पर केलेल्या टॅक्सीसाठी नाही. आणि हातावरचं घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. मोबाईल किनाऱ्याची वेळ दाखवतो, दोन्ही एकच असतील असं नाही.

जाहिरातीत 'सगळं समाविष्ट' लिहिलंय. खिशात किती ठेवू? — वडगाव

विमान, व्हिसा, बंदर कर, रोजची माणशी टिप, वायफाय, शीतपेयं: यातलं काय समाविष्ट आहे ते एकेक विचारा आणि लिहून घ्या. दर बहुधा दोघं एका केबिनमध्ये धरून असतो, एकट्याला दुपटीच्या जवळ जातो. जहाजावर रोख चालत नाही, केबिनचं कार्डच चालतं. म्हणून रोज खातं तपासा.

सुटण्याआधीची ती लाइफजॅकेटची कवायत टाळता येते, असं मुलगा म्हणतो. — गोकाक

नाही. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे क्रूझ जहाज खडकावर आदळलं. त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांची कवायत तेव्हा झालेलीच नव्हती, कारण नियमात चोवीस तासांची सवलत होती. ३२ माणसं गेली. त्यानंतर कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणं सक्तीचं झालं. मुलालाही न्या.

सिंगापूरहून क्रूझ आहे. तंबाखूची चंची खिशात चालेल? — निपाणी

निपाणीकर विचारणारच! नाही. चघळायचा तंबाखू सिंगापुरात आणायला बंदी आहे. ती सवय सुटावी म्हणून डॉक्टरांना भेटायला ही चांगली संधी आहे.

रोज देवापुढे दिवा आणि उदबत्ती लावते. केबिनमध्ये चालेल काय? — येळ्ळूर

दोन्ही नाही. सेलवर चालणारा दिवा न्या, आणि त्याचे सेल हातातल्या पिशवीत ठेवा.