कोकण फिरायचंय, पण किनारा राखून: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात कोकण सहलीबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर एवढे आले की सगळे घेणं शक्यच नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि जिथे सांगण्यासारखं जास्त होतं तिथे मोकळेपणाने लांब लिहिलंय.

ताई, आम्ही चौघं आणि ७६ वर्षांची आई, पुण्याहून कारने निघून चार दिवसांत अलिबाग ते मालवण सगळा किनारा करायचाय. निसर्गाला त्रास होईल असं काही करायचं नाहीये. प्लॅन कसा करू?
*– एक वाचक, पुणे*

आधी स्पष्टच सांगते, हा प्लॅन सोडा. नकाशावर किनारा सरळ दिसतो पण मध्ये एकामागून एक खाड्या आहेत, सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, काही ठिकाणी पूल आहेत पण बाकी ठिकाणी एकतर फेरीबोटीच्या रांगेत थांबायचं नाहीतर आत हायवेपर्यंत जाऊन वळसा घालून परत किनाऱ्याला यायचं. चार दिवसांतले अडीच दिवस गाडीतच जातील, आई कंटाळेल ते वेगळंच. आणि निसर्गाचं म्हणाल तर सहलीतला सगळ्यात मोठा धूर हा येण्याजाण्याचाच असतो, तुम्ही तिकडे जाऊन कापडी पिशवी वापरली तरी गाडी रोज दीडशे किलोमीटर पळवली की त्या पिशवीला फारसा अर्थ उरत नाही.

एकच तालुका निवडा. दापोली घ्या, गुहागर घ्या, नाहीतर थेट मालवण, आणि चारही दिवस एकाच घरात मुक्काम करा. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावतेय आणि २०२२ मध्ये सगळ्या मार्गाचं विद्युतीकरणही झालंय. दापोलीसाठी खेडला उतरायचं, गुहागरला चिपळूण, गणपतीपुळ्याला रत्नागिरी, मालवणला कुडाळ किंवा कणकवली. पुण्याहून बहुतेक गाड्या पकडायला पनवेलला यावं लागेल, ते थोडं गैरसोयीचं आहे हे मान्य, पण तिथून पुढचा रस्ता बोगदे आणि पुलांवरून इतका सुंदर आहे की आईंना खिडकीची सीट द्या, वेळ कसा गेला कळणार नाही. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, शिमगा, मे महिना आणि गणपती असेल तर त्याच दिवशी सकाळी करायचं.

पुढे एसटी आहेच. दापोलीहून हर्णै, आंजर्ले, केळशीला गाड्या जातात, आणि राज्यात ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आईंचं आधार कार्ड बरोबर ठेवा. एसटीची वेळ जमत नसेल त्या दिवशी गावातली रिक्षा सांगा, रिक्षावाल्याला कुठल्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, गर्दी नाही आणि भरती कधी आहे हे मोबाईलपेक्षा जास्त माहीत असतं.

ताई, मला आणि मैत्रिणींना रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांची पिल्लं बघायला जायचंय. पिल्लं नक्की दिसतील अशी तारीख सांगाल का? आणि रात्री मादी अंडी घालताना फोटो काढता येतात का?
*– कॉलेज विद्यार्थिनी, नाशिक*

अगं, नक्की तारीख कोणीच देऊ शकत नाही, आणि कोणी पिल्लं दाखवायची गॅरंटी देत असेल तर तिथे बुकिंग करूच नकोस.

आधी तिथे नेमकं काय चालतं ते समजून घे म्हणजे बघताना जास्त मजा येईल. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च रात्री पुळणीवर येतात, मागच्या पायांनी सुरईसारखा खड्डा खणतात, शंभरेक अंडी घालतात, वाळू लोटतात आणि परत समुद्रात. पूर्वी ही अंडी कोल्हे, कुत्रे आणि माणसं, सगळेच न्यायचे. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला संरक्षणाचं काम सुरू केलं, मग गावच त्यात उतरलं आणि आता तर किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत कासवमित्र आहेत. पहाटे अंधारात ते पुळणीवर फिरतात, मादीच्या पायांचा माग सापडला की घरटं शोधतात आणि अंडी अलगद उचलून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून त्यात ठेवतात. दीडेक महिन्याने, कधी थोडं जास्त, पिल्लं वर येतात.

बघायचा प्रकार असा असतो, सकाळी आणि संध्याकाळी कासवमित्र प्रत्येक खड्ड्यावरची टोपली उचलून बघतात. खाली पिल्लं असली तर ती पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात आणि ती आपली आपण चालत जातात, तळहातात मावेल एवढा जीव, चार पावलं टाकून थांबतो, मान वर करतो, परत निघतो, लाट येते आणि त्याला मागे ढकलते की पुन्हा सुरुवात. त्याला उचलून पाण्यात ठेवावंसं वाटतं, सगळ्यांनाच वाटतं, पण ठेवायचं नाही, ते चालणं त्याचं त्यालाच करू द्यायचं. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, फ्लॅश बंद, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने वळतात आणि मोबाईलच्या लाईटने भरकटतात.

टोपलीखाली काहीच नसेल तर त्या वेळी काही नाही, म्हणून दोन रात्री तरी मुक्काम ठेव, म्हणजे चार वेळा संधी मिळते. फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल हा काळ धर आणि जमलं तर शनिवार-रविवार टाळ. निघायच्या आधी होमस्टेवाल्या काकूंना फोन करून विचार, या आठवड्यात कुठली घरटी फुटायची आहेत हे त्यांना माहीत असतं. गावातल्या घरातच राहा, कारण कासव वाचलं की पाहुणे येतात आणि पाहुणे आले की चार पैसे मिळतात, हे गणित गावाला पटलंय म्हणून ही पुळण सांभाळली जाते.

रात्रीच्या फोटोंचा विचार मनातून काढून टाक. उजेड आणि आवाज झाला तर मादी अंडी न घालताच परत फिरते. हे कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला त्रास देणं हा गुन्हा आहे. ओडिशात २०२१ मध्ये टॅग केलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली होती, म्हणजे अख्ख्या देशाला वळसा घालून आलेली ती! एवढं अंतर कापून आलेल्या बाईला आपण शांतता तरी द्यावी ना.

मालवणला स्नॉर्केलिंग करणार आहोत. सनस्क्रीन लावून पाण्यात गेलं की प्रवाळ मरतात असं वाचलं, खरं आहे का?
*– एक वाचक, कोल्हापूर*

काही सनस्क्रीनमधली ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेटसारखी रसायनं प्रवाळांना अपायकारक असल्याचं प्रयोगांत दिसलंय. पलाऊ देशाने २०२० पासून अशा सनस्क्रीनवर बंदी घातली आणि हवाईने २०२१ पासून त्यांची विक्री थांबवली. पण मालवणच्या प्रवाळांना आज जास्त धोका तापत चाललेल्या समुद्राचा आहे आणि आपल्या पायांचा. हो, पायांचाच. पोहता न येणारा माणूस घाबरला की खाली जे लागेल त्यावर उभा राहतो, आणि ते बहुतेकदा प्रवाळ असतं. दगडासारखं दिसतं पण जिवंत असतं, आणि तुटलेला तुकडा पुन्हा तेवढा व्हायला वर्षानुवर्षं जातात.

म्हणून लाईफ जॅकेट घालायचं, पाण्यावर आडवं तरंगायचं आणि गाईड म्हणाला ‘इथे उभे राहा, फोटो काढतो’ तरी नाही म्हणायचं. पूर्ण बाह्यांचा स्विमसूट किंवा जुना फुल टी-शर्ट घातला की पाठीला सनस्क्रीन लागतच नाही, चेहऱ्यापुरतं झिंक ऑक्साईडवालं लावा. माशांना ब्रेड, बिस्किटं टाकून फोटो काढतात ते मला अजिबात पटत नाही, माशांचं ते खाणं नाही आणि अशाने ते बोटीमागे धावायला शिकतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, एवढ्याशा पट्ट्यात सीझनमध्ये किती बोटी नांगर टाकतात ते तिथे उभं राहिलात की दिसेलच. नांगर खडकावर न टाकता बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) बांधलेल्या दोरीला बोट लावणारा कोणी असेल तर दोन पैसे जास्त देऊन त्याच्याकडेच जा.

मुलं पुळणीवरून पिशवी भरून शंख-शिंपले आणतात. चालेल का?
*– एक आई, ठाणे*

बघू द्या, हातात घेऊ द्या, वाळूत मांडून नक्षी करू द्या, आणि निघताना तिथेच ठेवू द्या. रिकाम्या शंखात शंखखेकडे राहतात, अंग वाढलं की त्यांना मोठा शंख लागतो आणि पुळणीवर नसला तर जुन्यातच अडकून पडतात. जेटीजवळच्या दुकानांतले मोठे चकचकीत शंख तर घेऊच नका, काही जाती कायद्याने संरक्षित आहेत आणि त्यातले कितीतरी जिवंत असतानाच काढलेले असतात.

मुलगा म्हणतो बीचवर जीप घालू, रील करायचंय. सगळेच घालतात म्हणे.
*– एक बाबा, पिंपरी*

नको. ओल्या वाळूत चाकं रुततात, भरती चढते, आणि मग गाडी ओढायला गावकऱ्यांनाच ट्रॅक्टर आणावा लागतो, दर सीझनला असे व्हिडिओ येतात आणि पोलिसात गुन्हेही दाखल होतात. पण मला जास्त वाईट वाटतं ते वाळूखालच्यांचं. त्या पुळणीत खेकड्यांची बिळं असतात, सीझनमध्ये कासवाचं न सापडलेलं घरटं असू शकतं, चाकाखाली ते सगळं दबून जातं. मुलाला पहाटे ओहोटीला चालत न्या, टिटव्या, बगळे, हिवाळ्यात लांबून आलेले सीगल, त्याला रील करायला भरपूर मिळेल. फक्त सीगलना फरसाण टाकू नका, फेरीबोटीवर तेही फार चालतं.

मे महिन्यात जातोय. स्विमिंग पूलवालं रिसॉर्ट घेऊ का होमस्टे?
*– एक वाचक, सोलापूर*

तुम्ही सोलापूरचे, पाण्याची किंमत तुम्हाला सांगायला नको. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कित्येक ठिकाणी त्याहून जास्त, आणि तरी एप्रिल-मेमध्ये वाड्यावाड्यांवर टँकर येतात. जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र, त्यामुळे पडलेलं पाणी थांबत नाही, भराभर समुद्राला मिळतं. अशा दिवसांत समुद्र समोर असताना पूल कशाला हवा? होमस्टे घ्या, अंघोळीला बादली वापरा, रोज नवा टॉवेल मागू नका. भरायची बाटली बरोबर न्या, विहिरीचं उकळलेलं पाणी बहुतेक घरी मिळतं. आणि वेफर्स, डायपर, सॅनिटरी पॅडचा कचरा परत आणा, कारण लहान ग्रामपंचायतींकडे तो जिरवायची सोय सहसा नसते आणि मग तो सड्याच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठाराच्या, कडेला जाळला जातो.

पावसाळ्यात कातळशिल्पं (कातळावर कोरलेली प्राचीन चित्रं) आणि सड्यावरची फुलं बघायची आहेत. काय काळजी घ्यायची?
*– दोन मित्र, सातारा*

छान विचार आहे, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सड्यासारखं दुसरं काही नाही! उन्हाळ्यात जो काळा रखरखीत कातळ दिसतो त्यावर चार बोटं मातीत सीतेची आसवं आणि किडे खाणारं दवबिंदू उगवतं, गुडघे टेकून बघितलं तर दवबिंदूच्या पानांवरचे चिकट थेंब आणि त्यात अडकलेलं चिलटही दिसतं. अडचण एवढीच की ती माती इतकी पातळ असते की एक ग्रुप फोटोसाठी मध्ये जाऊन बसला की तेवढा तुकडा त्या वर्षापुरता संपला. गाडी रस्त्यावर ठेवा, उघड्या दगडावरूनच पाय टाका.

रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यातली उक्षी, जांभरूण, कशेळी, देवीहसोळ, बारसू ही कातळशिल्पं आणि सिंधुदुर्गातलं कुडोपी २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आहेत. कशेळीचा हत्ती जवळजवळ १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात आणखी प्राणी कोरलेत. रेषा नीट दिसाव्यात म्हणून लोक खडू फिरवतात, पाणी ओततात, त्यावर झोपून फोटो काढतात, हे काही करू नका. सकाळी लवकर किंवा ऊन उतरताना जा, तिरप्या उजेडात रेषा आपोआप उठून दिसतात. बरोबर गावातला माणूस घ्या, बऱ्याच जागा खाजगी जमिनीत आहेत आणि पाटी नसते, रस्ता चुकलात तर धुक्यात सड्यावर दिशा कळत नाही. अंगावर रेनकोट असू द्या, वाऱ्यात छत्री टिकत नाही.