त्शिसेकेदी का चिसेकेदी?

प्रश्न असा आलाय की काँगोच्या राष्ट्राध्यक्षांचं आडनाव कुणी 'त्शिसेकेदी' लिहितं, कुणी 'शिसेकेडी', टीव्हीवर तर आणखी तिसरंच ऐकू येतं, मग बरोबर काय? (काँगो नावाचे दोन देश आहेत, इथे राजधानी किन्शासा असलेलं, राजधानी ब्राझाव्हिलवालं काँगो वेगळं.)

चिसेकेदी. चिमणीतला चि. आणि शेवटी दी, डी नाही, कारण फ्रेंचमधला 'डी' हा आपल्या द सारखा दाताला जीभ लावून म्हणतात. पूर्ण नाव फेलिक्स आंत्वान चिसेकेदी चिलोम्बो, जानेवारी 2019 पासून राष्ट्राध्यक्ष.

घोळ झालाय स्पेलिंगमुळे. फ्रेंचमध्ये सी-एच म्हणजे श, त्यामुळे च लिहायचा तर आधी एक टी चिकटवावा लागतो. फ्रेंचांनी टी-सी-एच केलं (चाड देशाचं फ्रेंच स्पेलिंग बघा), बेल्जियन लोकांनी त्यांच्या वसाहतीत, म्हणजे काँगोत, टी-एस-एच केलं, आणि आपण ती अक्षरं एकेक करून देवनागरीत उतरवली की झालं त्शि. तसं ते अगदी चूकही नाही म्हणा, त् आणि श पटकन एकत्र म्हणून बघा, च च्या जवळ जातंच, शाळेत उत् + श्वास = उच्छ्वास घोकलंय ना, तेच. पण मराठीत च असताना एवढी कसरत कशाला?

हे आडनाव लुबा लोकांचं, काँगोतल्या कसाई नावाच्या प्रदेशातलं. त्यांची भाषा चिलुबा (स्पेलिंग परत टी-एस-एच). एक माणूस मुलुबा, अनेक बालुबा, भाषा चिलुबा. शब्दाच्या सुरुवातीला लागणारा हा चि म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला कि. वस्तूला स्वाहिलीत कितु, चिलुबात चिंतु. किस्वाहिली, किकोंगो, चिलुबा आणि लिंगाला या तिथल्या चार राष्ट्रीय भाषा, सरकारी कामकाज मात्र फ्रेंचमध्ये. हुकूमशहा मोबुटूच्या काळात (1965 ते 1997) लिंगालाचं वजन वाढलं, सैन्याची भाषाही तीच, मग राष्ट्राध्यक्ष म्हणून दोन्ही कबिला, बाप आणि मुलगा, आले ते पूर्वेकडच्या स्वाहिलीवाले, आणि आता कसाईचं आडनाव खुर्चीवर आहे.

खरी गंमत पुढे आहे. चि ला मराठीत काही त्रास नाही, कारण इ च्या आधी आपला च एकाच प्रकारचा होतो, चिवडा, चिकू, चिमटा. पण 1960 मध्ये कटांगा प्रांत फोडून वेगळा काढणारे आणि नंतर 64-65 ला काँगोचेच पंतप्रधान झालेले मोईझ चोंबे घ्या. नुसतं 'चोंबे' लिहिलं की मराठी माणूस चोरातला च लावणार, चोंबडा सारखं. तिथे पाहिजे चॉकलेटमधला च. हिंदीवाल्याला हा प्रश्नच पडत नाही, त्याच्याकडे एकच च. म्हणून मी तरी 'च्योंबे' लिहितो, दिसायला विचित्र आहे, मान्य, पण वाचणारा चुकत नाही. चोपो नावाची नदी आहे, प्रांतही आहे, तिथे पण हेच, च्योपो.

आणि च बद्दल अजूनही शंका असेल तर टोपणनावं बघा. फेलिक्सचे वडील एतिएन चिसेकेदी, आधी मोबुटूचे मंत्री आणि नंतर वर्षानुवर्षं त्यालाच नडलेले, 2017 ला ब्रसेल्समध्ये वारले, त्यांना लोक 'या चिची' म्हणायचे. या म्हणजे लिंगालातलं याया, मोठं भावंड, आपलं दादा म्हणा. मुलाचं टोपणनाव फेलिक्सचा फ, आंत्वानचा आ आणि चिसेकेदीचा चि घेऊन झालंय 'फाची'. ते कुणी 'फात्शी' लिहू नका प्लीज, घाईत वाचणारा फाशी वाचेल.