सपाटीवर किती, उतारावर किती?

भाऊ, पहिल्याच महिन्यात सायकलचं मीटर पाहून कष्टी होऊ नको. परतवाडा-अमरावतीसारख्या सपाट रस्त्यावर नव्या माणसाला ताशी १८-२० किमी सरासरी पडली तर चांगलीच म्हणायची. वर्षभर नेमानं चालवलीस तर २५ गाठशील. पुढं मात्र हवा आडवी येते. वेग दुप्पट केला की तिचा विरोध चौपट होतो, अन् ताकद आठपट लागते. इटलीचा सायकलपटू फिलिपो गान्ना यानं २०२२ मध्ये तासाभरात ५६.७९२ किमी कापले, ते बंद ट्रॅकवर, अंग पार वाकवून. आपल्याकडे उलट्या वाऱ्यात १५ पडला तरी पुष्कळ.

उताराचं गणित निराळं. चिखलदऱ्याचा घाट उतरताना पायडल न मारताही ५० सहज लागतो, अन् तिथंच फसगत होते. ब्रेक वळणाआधी लाव, वळणात नाही. दोन्ही ब्रेक दाबून सोड, दाबून सोड. धरूनच ठेवले तर रिम तापते.

सोंगणीनंतर रस्त्यावर सोयाबीन वाळत घालतात. त्या दाण्यांवर मी एकदा भर वेगात आपटलो, कोपरावरचा वण अजून आहे. दाणे लांबून दिसले की आधीच वेग कमी कर. चाक त्यावर चढल्यावर ना ब्रेक, ना हँडल. सरळ निघून जा.